अर्ज कुठे करायचा?

(लसीकरणातून क्वचित उद्भवणारी इजा आणि तिच्या भरपाईचा कायदा या विषयावर मनमाड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मनमाडच्या श्रोत्यांपुढे बोलताना रेल्वेचा उल्लेख टाळता येत नाही, आणि आज तो टाळण्याची माझी इच्छाही नाही. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि मराठवाड्यातून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग या गावात एकत्र येतात. येथल्या अनेक घरांत आजोबा रेल्वेत होते, वडील रेल्वेत होते आणि मुलगाही रेल्वेच्या परीक्षेची तयारी करतो आहे. आजचा माझा विषय लसीकरणाचा असला, तरी तो मला ज्याने शिकविला, तो गृहस्थ रेल्वेचाच एक निवृत्त कर्मचारी होता.

काही वर्षांपूर्वी हे गृहस्थ मला भेटावयास आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात नीट लावलेली कागदपत्रे होती. लसीकरणाचे प्रमाणपत्र, रुग्णालयाची बिले, मृत्यूचा दाखला. घरातला कर्ता मुलगा लस घेतल्यानंतर काही दिवसांनी आजारी पडला आणि गेला. मला वाटले, आता आरोपांची सरबत्ती सुरू होईल. तसे काही झाले नाही. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, लसीमुळे झालं का, हे मला माहीत नाही. कुणाला तुरुंगात घालायची माझी इच्छा नाही. मी रेल्वेत तीस वर्षं काढली. गाडीतून माणूस पडला, तर अर्ज कुठं करायचा हे मला पाठ आहे. लसीनंतर माणूस गेला, तर अर्ज कुठं करायचा, एवढंच सांगा."

बंधूंनो, पत्रकारितेत इतकी वर्षे काढूनही मला या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्या मुलाचा मृत्यू लसीमुळेच झाला, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि त्या पित्यानेही तसे म्हटले नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की, कोणीतरी अर्ज घ्यावा, तपासावा आणि उत्तर द्यावे.

लसीविषयी संभ्रम नको

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी लसीचा विरोधक नाही. ज्या देवीच्या रोगाने आपल्या पूर्वजांचे चेहरे व्रणांनी भरून टाकले आणि असंख्य डोळे घालविले, तो रोग लसीने नाहीसा केला. १९७७ साली भारत देवीमुक्त घोषित झाला. पोलिओचा आपल्या देशातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विभागास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. मोठ्या जंक्शनांवर, थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून बालकांच्या मुखात दोन थेंब घालणारे स्वयंसेवक आपण पाहिले आहेत. या सभेतील काहींनी ते काम स्वतः केलेही असेल.

पण ज्या पोलिओ थेंबांनी हा विजय मिळविला, त्यांचीच एक दुसरी बाजू आहे. थेंबांच्या लसीत जिवंत पण दुर्बळ केलेला विषाणू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे २७ लाख मात्रांमागे एखाद्या बालकास या लसीतील विषाणूमुळेच पक्षाघात होतो. लस बनविणाऱ्याची चूक नाही. थेंब पाजणाऱ्या ताईची चूक नाही. आईची तर नाहीच. सारे काही नियमाप्रमाणे होऊनही ते बालक आयुष्यभरासाठी पंगू होते. हा धोका ओळखूनच सरकारने २०१५ च्या अखेरीस मृत विषाणूची टोचावयाची लस कार्यक्रमात आणली.

आता विचार करा. आपल्या गल्लीतील शंभर मुले धडधाकट धावत आहेत, कारण सर्वांनी थेंब घेतले. एक मूल धावू शकत नाही, कारण त्यानेही थेंब घेतले. त्या शंभरांचे या एकाशी काही नाते आहे की नाही?

आपल्या परंपरेने या नात्याला फार पूर्वी नाव दिले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण आपल्याला ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे. सभोवतालच्या माणसांचे आपण देणे लागतो, हा त्याचा अर्थ. ऋण फेडताना सावकार दोषी की ऋणको दोषी, असा प्रश्न कोणी विचारत नाही. घेतले आहे म्हणून द्यावयाचे असते. लसीकरणातील भरपाईचा सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. आपण मात्र तो दोषाच्या भाषेत मांडतो आणि तेथेच अडकून बसतो.

मलकोवालचा धडा

दोषाच्या शोधात काय घडते, हे आपल्या महाराष्ट्राशी संबंधित असलेल्या एका प्रकरणात दिसते. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अल्पावधीत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळ येथे त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथून लक्षावधी मात्रा देशभर गेल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना ही लस देण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. चौकशी झाली, ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे असे निदर्शनास आले की, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी हाफकिन यांची बाजू लावून धरली. १९०७ साली ते दोषमुक्त झाले. १९२५ साली परळच्या त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. एका थोर शास्त्रज्ञास उशिरा का होईना, न्याय मिळाला याचा आनंद आहे.

परंतु या वादाचा सारा भर कशावर होता? दोष प्रयोगशाळेचा की खेड्यातील मदतनिसाचा, यावर. पाच वर्षे त्यातच गेली. दोष कोणाचाही ठरला असता, तरी मलकोवालच्या १९ घरांतील चूल त्याच दिवशी विझली होती. दोषनिश्चिती आणि आधार या दोन गोष्टी एकमेकींस बांधून ठेवल्या, की आधार नेहमी उशिरा येतो. पुष्कळदा तो येतच नाही.

जे रेल्वेला कळले

येथे आपल्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. त्याला काय पाठ होते? १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १२४ आणि १२४-अ. गाडीला अपघात झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई देणे रेल्वेवर बंधनकारक आहे. प्रवासी गाडीतून पडला, तरीही तेच. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, गुन्हेगारी कृत्य, नशा, नैसर्गिक आजार असे मोजके अपवाद सोडले, तर हलगर्जी कोणाची होती याची चिकित्सा होत नाही. यासाठी १९८७ च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण स्थापन झाले. आपल्या राज्यात त्याची पीठे मुंबईत आणि नागपुरात आहेत. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख रुपये करण्यात आली. तिकीट, पंचनामा, वारसाचा दाखला ही कागदपत्रे जोडली, की अर्ज दाखल होतो. विलंब होतो, हेलपाटे पडतात, हे खरे. पण अर्ज कुठे करावयाचा, हा प्रश्न उरत नाही.

रेल्वेने हे औदार्य म्हणून स्वीकारलेले नाही. लक्षावधी लोक रोज प्रवास करणार, म्हणजे कितीही दक्षता घेतली तरी कोणाला तरी इजा होणार, हे कायद्याने मान्य केले. त्या एकाचा भार सर्वांनी मिळून उचलावा, ही त्यामागील भूमिका आहे.

मालेगाव रस्त्यावरील वाहनांनाही हेच तत्त्व लागू आहे. मोटार वाहन कायद्यात १९८२ साली दोषाविना भरपाईचे कलम आले. २०१९ च्या दुरुस्तीने चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद केली. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर देशाचे डोळे उघडले आणि १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांना त्यानुसार विमा काढावा लागतो आणि अपघात झाल्यास दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता तातडीची मदत द्यावी लागते. आपल्याजवळच्या पानेवाडीला इंधनाचे मोठमोठे साठे आहेत. त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना या कायद्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

म्हणजे दोषाविना भरपाई हे काही पाश्चात्त्यांकडून उसने आणावयाचे तत्त्व नाही. रूळ, रस्ता आणि कारखाना या तिन्ही ठिकाणी भारतीय संसदेने ते स्वीकारले आहे. लसीकरण केंद्राच्या दारापाशी आल्यावरच ते का थांबते?

एक विसंगती

यातही एक मोठी विसंगती आहे. नव्या औषधाच्या किंवा लसीच्या चाचणीत जो स्वयंसेवक सहभागी होतो, त्याच्यासाठी कायदा आहे. २०१३ साली औषधविषयक नियमांत तशी तरतूद झाली आणि २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनी ती अधिक पक्की केली. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार आणि भरपाई देण्याचे दायित्व प्रायोजकावर आहे. वय, आजाराचे स्वरूप आणि धोका लक्षात घेऊन रक्कम ठरविण्याचे सूत्रही आहे. त्या सूत्राची आधाररक्कम आठ लाख रुपये आहे.

मात्र तीच लस मान्यता मिळून सार्वजनिक कार्यक्रमात आली आणि तुमच्या-आमच्या दंडात टोचली गेली, की हे संरक्षण संपते. जानेवारी २०२१ मध्ये याचा प्रत्यक्ष प्रत्यय आला. १६ जानेवारीस कोविडचे लसीकरण सुरू झाले. कोव्हॅक्सिनला त्या वेळी चाचणीसदृश पद्धतीने वापरण्याची परवानगी होती. त्यामुळे ती घेणाऱ्याच्या संमतिपत्रात, लसीमुळे गंभीर इजा झाल्याचे सिद्ध झाल्यास कंपनी भरपाई देईल, असा उल्लेख होता. शेजारच्या केंद्रावर कोव्हिशील्ड घेणाऱ्यास असे काही लिहून मिळत नव्हते. मोहीम एक, उद्देश एक, हक्क मात्र दोन. मार्चमध्ये कोव्हॅक्सिनची ती अट उठली आणि तो उल्लेखही निरुपयोगी झाला.

मग दाद मागावयाची कुठे? ग्राहक न्यायालयात? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, हे खरे. पण जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते, ती सेवा त्या निकालाने कक्षेबाहेर ठेवली. सरकारी केंद्रावर फुकट लस घेणारा गरीब माणूस त्यामुळे 'ग्राहक' ठरत नाही. राहिले दिवाणी न्यायालय. तेथे हलगर्जी सिद्ध करावी लागते. पण या इजेचे वैशिष्ट्यच असे की, तिच्यात बहुधा कोणाचीच हलगर्जी नसते. जे अस्तित्वातच नाही, ते सिद्ध कसे करावयाचे?

न्यायालयाच्या पायऱ्या

कोविडच्या काळात आपल्या देशात २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. हा पराक्रम आहे, यात शंका नाही. रक्तात गुठळ्या होण्याचा विकार काहींना झाल्याचे सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितले. त्या वेळच्या तिच्या अहवालाप्रमाणे कोव्हिशील्डच्या दहा लाख मात्रांमागे ते प्रमाण एकाहूनही कमी, म्हणजे ०.६१ इतके होते. लसीनंतरच्या तीव्र ॲलर्जीने ६८ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाल्याचेही केंद्रीय समितीने त्याच वर्षी मान्य केले. धोका अत्यल्प होता. पण अत्यल्प म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्या घरात तो शिरला, त्या घरासाठी तो शंभर टक्के होता.

अशी काही कुटुंबे न्यायालयात गेली. महाराष्ट्रातील एका पित्याने आपल्या तरुण कन्येच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयात एक हजार कोटी रुपयांचा दावा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. त्या दाव्याच्या सत्यासत्यतेवर मी भाष्य करणार नाही, ते न्यायालयाचे काम आहे. पण कायदा नसला की काय होते पाहा. एका बाजूस शून्य आणि दुसऱ्या बाजूस एक हजार कोटी. मध्ये मोजपट्टीच नाही.

केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास अशा मृत्यूंसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले. त्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका याचिकेत केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले. त्याचा आशय असा की, लस घेण्याची कायदेशीर सक्ती नव्हती, त्यामुळे दुर्मिळ दुष्परिणामांसाठी शासनास जबाबदार धरता येणार नाही आणि कुटुंबांनी दिवाणी न्यायालयात जावे.

बंधूंनो, सरकार कोणत्या पक्षाचे आहे, हे पाहून आपण बोलावे वा गप्प बसावे, हे आपल्याला शोभणारे नाही. हा युक्तिवाद मला पटत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या उपनगरी गाडीत बसण्यासाठी दोन मात्रा पूर्ण असणे आवश्यक केले होते. ज्याचे पोट लोकलवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी याला ऐच्छिक कसे म्हणावयाचे? सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी दिलेल्या निकालात स्पष्ट केले की, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. सरकारचे लसीकरण धोरण मात्र त्याच निकालाने अयोग्य ठरविले नाही, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना करता याव्यात व पाहता याव्यात, असेही सांगितले. समतोल कसा असावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

आणि समजा, सक्ती नव्हतीच. मग तर ऋण अधिक मोठे आहे. सक्तीने दिलेल्या करापेक्षा स्वेच्छेने दिलेल्या आहुतीची किंमत आपण नेहमीच अधिक मानली आहे.

इतर देशांनी काय केले

जर्मनीत १९५३ साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने देवीच्या लसीमुळे इजा झालेल्या व्यक्तीचा भरपाईचा हक्क मान्य केला. समाजाच्या हितासाठी ज्याला विशेष त्याग करावा लागला, त्याची भरपाई समाजाने करावी, हे त्यामागील तत्त्व होते. १९६१ साली त्याचा कायदा झाला. जपानने १९७६ साली आपल्या लसीकरण कायद्यात अशी तरतूद केली. ब्रिटनने १९७९ साली दहा हजार पौंडांपासून आरंभ केला आणि २००७ पासून ती रक्कम एक लाख वीस हजार पौंड झाली. तेथे किमान साठ टक्के अपंगत्वाची कठोर अट आहे, आणि तिच्यावर टीकाही होते.

अमेरिकेची कथा अधिक बोधप्रद आहे. १९८० नंतर तेथे लस उत्पादकांवर खटल्यांचा वर्षाव झाला आणि अनेकांनी उत्पादनच थांबविले. बालकांना लस मिळेनाशी होईल, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १९८६ साली कायदा झाला; पुढे लसीच्या मात्रांवर कर बसविण्यात आला, जो आता प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येकामागे, ७५ सेंट आहे, आणि त्यातून निधी उभा राहिला. कोणत्या लसीनंतर किती कालावधीत कोणता विकार झाल्यास तो लसीमुळे झाला असे गृहीत धरावे, याचा तक्ताच तयार केला गेला. त्या निधीतून आजवर पाचशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली आहे. लसीकरण त्यामुळे थांबले नाही. उलट, भरपाईच्या या व्यवस्थेनेच ते वाचविले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, भरपाईची चर्चा केली तर लोक लस घेण्यास घाबरतील. माझा अनुभव वेगळा आहे. २०२१ साली आमच्या गल्लीतील एका वृद्ध काकूंना मी केंद्रावर घेऊन गेलो. रांगेत त्यांनी विचारले, "अरे, काही झालं तर?" मी म्हणालो, "काकू, काही होत नाही. आणि झालंच तर मी आहे ना." त्यांनी विश्वासाने दंड पुढे केला. एक दिवस ताप आला, दुसऱ्या दिवशी त्या उठून कामाला लागल्या. पण ते निवृत्त गृहस्थ भेटून गेल्यानंतर माझे ते वाक्य मला टोचू लागले. "मी आहे ना" असे म्हणताना माझ्या पाठीशी काय होते? काहीच नव्हते. आपल्यातील कितीतरी कार्यकर्त्यांनी त्या काळात घरोघरी जाऊन हेच वाक्य उच्चारले असेल. लोक घाबरतात ते अशा वेळी एकटे पडण्याच्या कल्पनेने. "काही झालेच, तर हा कायदा आहे" असे आपण सांगू शकलो असतो, तर अफवांचे निम्मे बळ तेथेच संपले असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. केवळ हिशेबासाठी सांगतो. २२० कोटी मात्रांमागे प्रत्येकी एकच रुपया बाजूला ठेवला असता, तर २२० कोटी रुपये जमले असते. रेल्वेच्या दराने, म्हणजे आठ लाखांप्रमाणे, त्यातून २,७५० कुटुंबांना आधार मिळाला असता. एका मात्रेमागे एक रुपया हा समाजाला न पेलणारा भार आहे काय?

तिसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. तो गंभीर आहे. लसीनंतर घडलेली प्रत्येक घटना लसीमुळे घडत नाही. कोंबडा आरवल्यानंतर सूर्य उगवतो, म्हणून तो कोंबड्यामुळे उगवत नाही. पण तपासणीची यंत्रणा आपल्याकडे आहेच. जिल्हा, राज्य आणि केंद्र पातळीवर लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनांच्या समित्या आहेत. लसीचा गुणधर्म, उत्पादनातील दोष, देण्यातील चूक, भीतीची प्रतिक्रिया आणि निव्वळ योगायोग असे वर्गीकरण त्या करतात. त्या निष्कर्षाला भरपाईशी जोडणारा कायदा तेवढा हवा आहे.

आणि जेथे खरोखर हलगर्जी असते, तेथे शिक्षेचा मार्ग वेगळा राहिलाच पाहिजे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. अशा प्रसंगी कारवाई व्हावीच. पण ती चौकशी संपेपर्यंत बालकाच्या उपचाराचा खर्च बापाच्या खिशातून जाऊ नये.

मागणी काय असावी

कोविडच्या प्रकरणांचे काय व्हावे, तो सर्वोच्च न्यायालयाचा आणि शासनाचा विषय आहे. पण हा प्रश्न एका साथीपुरता नाही. दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके या देशात जन्मास येतात आणि जन्मल्यापासून त्यांचे लसीकरण सुरू होते. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमातील सर्व लसींसाठी संसदेने कायमस्वरूपी कायदा करावा. त्यात दोष सिद्ध करण्याची अट नसावी. रकमेची मोजपट्टी आधीच ठरलेली असावी. निर्णयाला कालमर्यादा असावी. शंका राहिल्यास तिचा लाभ कुटुंबास मिळावा. समितीचा अहवाल कुटुंबाला मराठीत, म्हणजे त्याच्या भाषेत, हाती पडावा. आणि अर्ज तालुक्याच्या ठिकाणी स्वीकारला जावा. नांदगावच्या माणसाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही आहे. बाळाचे लसीकरण कार्ड जपून ठेवा, त्यावर लसीचा बॅच क्रमांक लिहून घ्या. लस घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास थांबा. गंभीर त्रास झाला तर आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा, नोंद झाल्याची खात्री करा. दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर मन घट्ट करून शवविच्छेदनास संमती द्या, कारण त्यावाचून सत्य कधीच कळत नाही. आणि ज्याच्यावर असा प्रसंग ओढवला असेल, त्याला "लसीचा अपप्रचार करतो" म्हणून गप्प करू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याची कागदपत्रे लावून द्या.

ते निवृत्त गृहस्थ निघताना मी त्यांना जिल्हा समितीकडे पत्र लिहून दिले. त्यांनी ते पिशवीत ठेवले, घडी नीट केली आणि म्हणाले, "उत्तर आलं तर कळवतो." सिग्नल पडण्याची वाट पाहण्याची सवय असलेला तो माणूस होता. पण सिग्नल पाडावयाचा, तर केबिनमध्ये कोणीतरी असावे लागते. तो माणूस तेथे बसविणे हे आपले, समाजाचे काम आहे.